परदेशातले नातेवाईक: एक

रविवार, ४ मे

प्रिय ताई,

नमस्कार. आई आणि मी बरे आहोत. तू, दाजी आणि भाचीबाई तिकडे बरे असाल असं धरून पुढे लिहितो.

बऱ्याच दिवसांत पत्र झालं नाही. कामाच्या रगाड्यात राहून गेलं. तू म्हणशील, दोन ओळी खरडायला असा कितीसा वेळ लागतो. तेही खरंच. पण आधी घरची खबर देतो, मग माझी.

आईची दृष्टी आहे तशीच. उजवा डोळा गेल्यात जमा, डाव्याला खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. कानांचंही तेच. फोन लावून दिला की तिला नुसती घूं घूं ऐकू येते आणि ती समोरच्यावरच खेकसते. जीभ मात्र शाबूत आहे. परवा शेजारच्या शिंपीणबाई दबक्या आवाजात विचारत होत्या, "तुमचा मुलगा अणुबॉम्बवर काम करतो म्हणे?" आई म्हणाली, "बॉम्ब कसला करतोय, त्याला गॅस पेटवायला अजून तीन काड्या लागतात."

तर बॉम्ब नव्हे, पाणबुड्या. तुमच्याकडच्या पेपरात उभ्याआडव्या रकान्यांत आलंच असेल. तरी तुला वर्गात मुलांना सांगायला उपयोगी पडेल म्हणून माझ्या भाषेत सांगतो. आत्ता आपल्याकडे आहेत त्या डिझेलच्या. पाण्याखाली बॅटरीवर चालतात आणि बॅटरी भरायला अधूनमधून वर येऊन नळीने हवा घ्यावी लागते. तेवढ्यात कोणी पाहिलं की संपलं. नव्या येणार त्या अणुभट्टीवर चालणाऱ्या. त्यांना हवा नको, इंधन नको. आतल्या माणसांचा शिधा संपला की वर यायचं, एवढंच. बॉम्ब त्यात एकही नसणार, तसं करारात लिहिलंय.

आपण ना मोठ्यांत, ना लहानांत. घरातल्या मधल्या भावंडाची गत: थोरल्याचा उतरलेला सदरा घालायचा आणि धाकट्यांवर रुबाब करायचा. म्हणून दोन मोठ्या देशांशी हा करार. आधी त्यांच्या वापरलेल्या दोन-तीन घ्यायच्या, त्यांच्याकडून शिकायचं, मग आपल्या गोदीत आपल्या बांधायच्या. अणुभट्टी मात्र ते सीलबंद पाठवणार. पाणबुडी भंगारात जाईपर्यंत आपण तिचं झाकण उघडायचं नाही. आमचा न्हावी म्हणतो, "पाणबुडी यायला वीस वर्षं, आणि ती रोखायची कोणावर ते आजच ठरलं. माझ्या नातवाची भांडणं मी आत्तापासून कशाला बांधून ठेवू?" वस्तरा मानेवर असताना मी वाद घालत नाही.

मला विचारशील तर करार पटतो. एवढा लांब किनारा आणि राखायला सहा म्हाताऱ्या पाणबुड्या. मोठ्याचा हात धरला की तो नेईल तिकडे जावं लागतं, हेही पटतं. दोन्ही पटतं आणि रोज सकाळी साडेसातला मी गोदीच्या फाटकात उभा असतो.

माझं काम तेच, जोड तपासायचं. पोलादाला पोलाद वेल्डिंगने जोडलं की त्या जोडाचा एक्स-रे काढतात आणि ती फिल्म उजेडावर ठेवून मी वाचतो. कुठे बुडबुडा, कुठे भेग. सत्तावीस वर्षं हेच केलं. पण आता शिकवायला मोठ्या मित्राकडचा, म्हणजे करारातल्या दोन देशांपैकी थोरल्याकडचा, एक तपासनीस आलाय. दारातून वाकून आत येतो म्हणून आम्ही त्याला ताडमाड म्हणतो. त्याने एकदा अर्थ विचारला. क्रेनवाल्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "आदरणीय." तेव्हापासून तो नव्या माणसांना स्वतःची ओळख तशीच करून देतो.

माणूस कडक, पण सरळ. त्याचा नियम असा: चूक झाली तर गुन्हा नाही. आपणहून सांगितली तर शिक्षा नाही. झाकली तर त्याच दिवशी घरी. वहीतली चुकीची नोंद पुसायची नाही, गिरवायची नाही. तिच्यावर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही.

मागच्या सोमवारी आमची चिमणी सगळ्यांसमोर उभी राहिली. चिमणी म्हणजे आमची वेल्डर, एवढीशी आहे, पण तिच्या हातचा जोड पाहत राहावा. वेल्डिंगच्या कांड्या गरम ओव्हनमध्ये ठेवाव्या लागतात, नाहीतर हवेतली ओल धरतात आणि जोड आतून तडकतो, कधी कधी दोन दिवसांनी. तिने सकाळी ओव्हनचा दिवा न पाहताच कांड्या उचलल्या. ओव्हन आदल्या दिवसापासून बंद पडलेला. तिच्या लक्षात येईपर्यंत अकरा जोड झाले होते. एक्स-रेत अकराच्या अकरा स्वच्छ. मी स्वतः पास केले होते. ती बोलली नसती तर कोणाला काही कळलं नसतं. तरी ती बोलली. अकराही कापून काढले, तीन दिवस वाया गेले. ताडमाडने तिच्याशी हात मिळवला. मी नोंदीखाली सही केली.

सप्टेंबरात बाराजण दोन वर्षांसाठी मोठ्या मित्राच्या गोदीत शिकायला जाणार आहेत. त्यात माझंही नाव आहे. आईला मावशीकडे ठेवायचं चाललंय. आईचं एकच टुमणं, "तिथे मला पत्र कोण वाचून दाखवणार?" बघू काहीतरी.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

तुझा
बारक्या


मंगळवार, ६ मे

ताई,

रविवारचं पत्र टाकलं नाही. फाडलंही नाही, सोबत ठेवतोय. त्यात एकही वाक्य खोटं नाही आणि तरी सगळं पत्र खोटं आहे. कामाच्या रगाड्यात चौदा महिने पत्र राहून जात नसतं. मी ते बंद केलं. तुझं काहीही चुकलेलं नाही, हे आधी लिहून ठेवतो, कारण तू ते विचारलं होतंस.

गेल्या वर्षी मार्चमध्ये नव्या कामासाठी माणसं निवडणार असं जाहीर झालं आणि आम्हाला एक माहितीपत्रक भरायला दिलं. सेहेचाळीस पानं. शाळा कुठली, कर्ज किती, दारू पिता का, चुलते किती. एकोणिसाव्या पानावर होतं: परदेशातले नातेवाईक. त्याखाली चार रकाने. नातं काय, देश कोणता, संपर्क कसा, किती वेळा. खाली एक यादी होती, अमुक देशांबाबत विशेष तपशील द्यावा. तुझा देश यादीत तिसरा. तू लग्न करून गेलीस तेव्हा तो नुसता लांब होता. आता पेपरातल्या नकाशात तो लाल रंगाने भरतात.

कँटीनमध्ये क्रेनवाला छातीठोकपणे सांगत होता, की तिकडे सख्खं कोणी असेल तर नाव कापलंच समजा. मी ऐकलं आणि मानलं. फिल्मवर केसाएवढी भेग दिसली तरी दुसऱ्यांदा फिल्म काढायला लावणारा मी, तिथे एकदाही कोणाला विचारलं नाही.

ताई, मला ती पाणबुडी हवी होती. तुझ्यापाशी आडपडदा ठेवून काय उपयोग? सत्तावीस वर्षं दुसऱ्यांनी बांधलेल्या जुन्या पाणबुड्यांना ठिगळं लावली. आपल्या हातची पहिली बांधली जाईल तेव्हा तिच्या पोटातल्या जोडांवर माझी सही असावी, असं फार वाटत होतं. मी लिहिलं: थोरली बहीण. देश अमुक. संपर्क नाही. चौथ्या रकान्यात रेघ. आणि सही केली. त्याच सकाळी गोदीत जाताना आईचं पत्र तुझ्या नावाने पेटीत टाकलं होतं.

सही केल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही. खोट्या नोंदीवर आयुष्यात पहिल्यांदा सही केली होती. आणि मग मला वाटलं, की एक उपाय आहे. नोंद खोटी आहे ना, मग संपर्कच बंद करू, म्हणजे ती खरी होईल. दुसरा कोणी असता तर खोटं लिहून निवांत तुझ्याशी फोनवर गप्पा मारत बसला असता. मला ते जमलं नाही. मी कागदाशी प्रामाणिक राहिलो आणि तुला सोडलं. हे लिहितानाच ते किती वेडगळ वाटतंय. तेव्हा मात्र मला त्यात शिस्त दिसली होती.

गोदीने नवा फोन दिला, त्याचा नंबर तुला कळवला नाही. जुना बंद केला. मग तुझी पत्रं येऊ लागली. पहिल्यात तू मजेत होतीस: "तुमच्या पाणबुड्या आता आमच्या किनाऱ्याखालून जाणार म्हणे. जाताना हाक मार, चहा ठेवते." दुसऱ्यात विचारलंस, नंबर बदललास का. तिसऱ्यात, माझं काही चुकलं का. तिन्ही मी आईला वाचून दाखवली. ती खिडकीशी बसते, पाकीट हातात धरून ठेवते आणि मी वाचतो, तुला माहीत आहे. फक्त ही असली वाक्यं मी गाळली. गाळल्यावर पत्र फार छोटं व्हायचं, म्हणून मधे थोडं माझं घालू लागलो. भाचीचा पहिला नंबर आला. दाजींनी भिंती रंगवल्या. आईने मागच्या पत्रात गुडघेदुखीचं विचारलं होतं, तर तुझा गुडघा बरा केला. खरं काय होतं देव जाणे.

आई दर वेळी उत्तर सांगायची, कधी मधेच आपणहूनही सांगायची, मी लिहून घ्यायचो, तिच्यासमोर पाकीट चिकटवायचो आणि माझ्या कपाटात ठेवायचो. अशी नऊ झाली. नवाच्या नऊ सोबत आहेत, तारखांसकट. त्यांत तिने तुला दोनदा रागावलंय आणि एकदा लहानपणीच्या एका चापटीबद्दल माफी मागितलीय. ती माफी सात महिने माझ्या सदऱ्यांखाली होती.

आता तुझं चौथं पत्र.

ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. "छातीत गाठ लागतेय. गुरुवारी तपासणी आहे. आईला सांगू नकोस. तू मात्र दोन ओळी लिही रे, बारक्या." गोदीच्या सायकल स्टँडवर उभ्याने वाचलं. लगेच दोन ओळी लिहिल्याही. पाकीट टपालपेटीपर्यंत नेलं. मग आठवलं, की मोठ्या मित्राची माणसं त्याच आठवड्यात आमच्या समोरासमोर मुलाखती घेणार आहेत. म्हटलं, तेवढं होऊ दे, चार दिवसांनी काय बिघडतंय. पाकीट परत आणलं.

मुलाखतीत त्यांनी पत्रक समोर ठेवून विचारलं, "बहिणीशी काही संपर्क?" मी म्हणालो, "नाही." आणि मला बरं वाटलं. खरं बोलल्याचं समाधान वाटलं. ताई, तो गुरुवार होता.

त्यानंतर चार दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. मग तुला लिहायला तोंडच राहिलं नाही. तुझंही पत्र पुन्हा आलं नाही. आईला काय सांगणार? मी तेच चौथं पाकीट तिच्या हातात देत राहिलो आणि हातात कोरा कागद धरून तुझी पत्रं वाचत राहिलो. जानेवारीत एक, फेब्रुवारीत एक, मार्चमध्ये एक. तू खुशाल आहेस, असं मी तिला तीनदा वाचून दाखवलं. तू आहेस का, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

गेल्या शनिवारी चौथ्यांदा बसलो. वाचून झालं. आई पाकिटाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. म्हणाली, "या पाकिटाचा कोपरा फाटलेला आहे."

मी म्हटलं, "टपालात फाटला असेल."

"जानेवारीतही इथेच फाटला होता. आणि 'काळजी नसावी' असं ती कधी लिहीत नाही. ती लिहिते, 'काळजी करून तुला कोण बक्षीस देणार आहे?' काळजी नसावी तू लिहितोस. रजेच्या अर्जात."

मी कोरा कागद घडी करून खिशात घातला.

"मला दिसत नाही, ऐकू कमी येतं," आई म्हणाली, "पण माझी लेक कशी बोलते ते विसरायला मला अजून वेळ आहे. ती आहे ना रे?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

ती उठली, भिंत धरत आत गेली आणि रविवारी सकाळपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रविवारी म्हणाली, "लिही तिला." म्हणून बसलो, तर माझ्या हातून ते पत्र उतरलं. करार, न्हावी, ताडमाड. शेवटी पुन्हा 'काळजी नसावी'. चिमणीचं कौतुक मी तुला दहा ओळींत लिहिलं आणि ते लिहिताना मला लाजही वाटली नाही. आज गोदीत ती कापलेल्या जोडांच्या जागी नवे जोड घालत होती, गुणगुणत. ते बघून मला लाज वाटली.

उद्या सुरक्षा कार्यालयात जातोय. तिथे पत्रकं सांभाळणाऱ्या एक चष्मेवाल्या बाई आहेत. काय होतं ते लिहीन.


शुक्रवार, ९ मे

ताई,

आधी हे: काल दुपारच्या सुट्टीत तुझ्या घरचा नंबर लावला. तू उचललास. "हॅलो," म्हणालीस. मग "कोण?" म्हणालीस. मग पुन्हा, जरा चिडून, "कोण आहे?" मला सांगता आलं नाही कोण ते. मी फोन ठेवला आणि तिथेच फाटकाजवळच्या कठड्यावर बसून राहिलो. भोंगा झाला तेव्हा क्रेनवाल्याने उठवलं. तो विचारत होता, कोणी गेलं का. मी म्हटलं, नाही, आहे.

तुझा आवाज थकलेला वाटला. की फोनचा दोष, कळलं नाही. एवढ्यावरून मी काही धरून चालत नाही. गाठीचं काय झालं ते तूच सांगशील तर सांग. विचारायचा माझा हक्क त्या गुरुवारी गेला.

बुधवारी चष्मेवाल्या बाईंना सगळं सांगितलं. मग एकोणिसावं पान काढून माझ्यासमोर ठेवलं.

"चौदा महिन्यांत तुम्ही त्यांना काही पाठवलं? फोन, पत्र, निरोप?"

"नाही."

"म्हणजे संपर्क नाही, हे आज बरोबर आहे."

त्यांचा चेहरा कोरा होता. मला सुटका देत होत्या की नुसतं कामाचं विचारत होत्या, अजून ठरवता आलेलं नाही. होय म्हटलं असतं तर पान परत फायलीत गेलं असतं आणि सप्टेंबरात मीही गेलो असतो. दार उघडं होतं, ताई, मला दिसलं ते. थोडा वेळ मी त्याकडे बघितलंसुद्धा.

मी म्हणालो, "आज बरोबर आहे. शनिवारी नसेल. शनिवारी मी तिला पत्र टाकणार आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "तुमच्या बाराजणांत पाचजणांचे नातेवाईक यादीतल्या देशांत आहेत. एकाची तर आईच तिकडे आहे. सगळ्यांनी लिहिलंय. एकाचंही नाव आम्ही कापलेलं नाही."

मी विचारलं, "मग हे कशासाठी विचारता?"

"खरं सांगता की नाही ते बघायला," त्या म्हणाल्या. "बहीण असणं हा प्रश्न कधीच नव्हता."

चौदा महिने, चार पत्रं, एक गुरुवार, आणि हे सगळं कँटीनमधल्या एका वाक्यापायी. क्रेनवाल्यावर राग काढावा म्हटलं तर तोही काढता येत नाही. तो बिचारा रोज असली दहा वाक्यं बोलतो.

काल सकाळी निकाल आला. बारांतून माझं नाव गेलं. मोठ्या मित्राच्या कार्यालयाला कळवावं लागतं आणि त्यांनी होकार दिला नाही. ताडमाड स्वतः सांगायला आला, दारात वाकून. म्हणाला, आधी सांगितलं असतंस तर. मी म्हणालो, माहीत आहे. नोकरी राहिली, जुन्या डिझेलच्या पाणबुड्यांवर परत जातोय, ठिगळं लावायला. आपली पहिली बांधली जाईल तेव्हा तिच्या जोडांवर चिमणीची कांडी असेल आणि दुसऱ्या कोणाची तरी सही. वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटतं. पण अन्याय झाला असं म्हणायची सोय नाही.

आईला बुधवारी संध्याकाळीच सगळं सांगितलं. तिने तुझी चारही पत्रं पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावली, काही न गाळता. चौथं ऐकून झाल्यावर म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. मग म्हणाली, "आता मी सांगते तसं लिही." ते दहावं पत्र वेगळ्या पाकिटात आहे. त्यात माझ्याबद्दल जे आहे ते मी जसंच्या तसं उतरवलंय. एक-दोन शब्द असे आहेत, की ते आईला येतात हे मला या वयात कळलं. दोनदा तिने विचारलं, "लिहिलंस का?" आणि मी लिहिलंय याची खात्री करायला शेजारच्या शिंपीणबाईंना बोलावून ते त्यांच्याकडून वाचून घेतलं. आता माझ्यावर तिचा तेवढा विश्वास उरलाय. शिंपीणबाईही वाचताना एका ठिकाणी अडखळल्या. आता गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

फोनवर हे सांगता आलं असतं. नवा नंबर खाली लिहिलाय. पण फोनवर तू लगेच "जाऊ दे रे" म्हणाली असतीस. तुझी सवय माहीत आहे मला. हे जाऊ द्यायचं की नाही, ते तू सावकाश ठरव. कागद पुन्हा पुन्हा वाचता येतो.

एक राहिलं. बाईंनी एकोणिसावं पान पुढे केलं आणि मी जुन्या नोंदीवर एक सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं: थोरली बहीण. संपर्क पत्राने, चौदा महिने बंद, बंद मी केला. सही केली. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं. किती वेळा? बाई म्हणाल्या, हा रिकामा ठेवता येत नाही, डिझेलच्या गोदीतही हे पत्रक लागतं. मी म्हणालो, पण ते एकट्या माझ्या हातात नाही. त्यांनी विचार करून जूनअखेरपर्यंतची मुदत दिली.

तुझं उत्तर आलं तर तू म्हणशील ते लिहीन. वर्षातून एकदा म्हणालीस तर एकदा. नाही आलं तर 'नाही' लिहीन, आणि या वेळी ते खरं असेल.

तुझा धाकटा भाऊ, तू म्हणू देशील तर,

बारक्या